ऐकणारा कान, लिहिणारा हात : मॅग्डालेन नॅब यांच्या फ्लॉरेन्समधील कादंबऱ्या

पोलिसाला नायक करणारे वाङ्मय दलित वाचकाने कसे वाचायचे? हा प्रश्न हलका नाही. रहस्यकथेला आपल्या समीक्षेने नेहमी दारातच उभे केले. ‘रंजनवादी’ असा शिक्का मारला की काम संपले. प्रस्थापित समीक्षकांनी हे केले त्याचे नवल नाही. पण चळवळीतल्या आम्हीही तेच केले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर आमच्या आधीची पिढी भराभर वाचायला शिकली. वस्तीतल्या वाचनालयात सर्वांत आधी पाने सुटत ती याच पुस्तकांची. तरी आमच्या चर्चासत्रांत त्यांना जागा नाही. मुसोलिनीच्या तुरुंगात खितपत पडलेल्या अंतोनिओ ग्रामशीने मात्र आपल्या वह्यांत गुन्ह्यांच्या कादंबऱ्यांवर टिपणे लिहिली. सामान्य माणूस हे इतक्या आवडीने का वाचतो, हा प्रश्न त्याला क्षुद्र वाटला नाही. ग्रामशीचा ‘सबाल्टर्न’ हा शब्द आमच्याकडचे विद्वान जिभेवर घोळवत असतात. त्याची ही टिपणे फारसे कोणी उघडत नाही.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अभ्यासक्रमात जे इंग्रज येतात ते बहुतेक वरच्या माडीवरचे. मॅग्डालेन नॅब मला अभ्यासक्रमात नव्हे, फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत भेटल्या. बाईंचा जन्म १९४७ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. गिरण्यांचा तो मुलूख. १९७५ साली मुलाला घेऊन त्या फ्लॉरेन्सला गेल्या आणि २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिल्या. त्या मातीकाम शिकलेल्या होत्या. फ्लॉरेन्सजवळ मोंतेलुपो नावाचे कुंभारांचे गाव आहे, तिथे त्यांनी काम केले. पहिली कादंबरी ‘डेथ ऑफ ॲन इंग्लिशमन’ १९८१ ची. शेवटची ‘व्हिटा नुओव्हा’ त्यांच्यामागे २००८ मध्ये निघाली. मार्शल साल्वातोरे ग्वार्नाच्चा हा नायक असलेल्या एकूण चौदा कादंबऱ्या. जॉर्ज सिमनाँसारख्या दादा माणसाने त्यांचे कौतुक केले.

फ्लॉरेन्समध्ये इंग्रज काही नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून तिथे त्यांची वसाहतच होती. टेकडीवरचे बंगले, ऑलिव्हच्या बागा, चित्रे, संध्याकाळचा चहा. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) मध्ये हेच फ्लॉरेन्स आहे : इंग्रज मुलीने तिथे यायचे, खिडकीतून नदी पाहायची आणि मनाने मोकळे व्हायचे. तिच्या खोलीतली चादर कोण बदलतो, हे कादंबरीने विचारायचे नसते. (जाता जाता सांगते, त्याच शहराच्या कॅशीने बागेत कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना १८७० साली ते तिथे वारले, आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला. जवळच्या पुलाला लोक आजही ‘इंडियन’चा पूल म्हणतात.) नॅबबाईंनी या इंग्रजी फ्लॉरेन्सकडे पाठ फिरवली. पहिल्याच कादंबरीत त्यांनी भिया माज्जो या रस्त्यावरच्या घरात एका इंग्रजाचा मुडदा पाडला. पुढे ‘सम बिटर टेस्ट’ (२००२) मध्ये बंगलेवाला इंग्रज सरदार पुन्हा येतो, पण मरणपंथाला लागलेला. आपल्याच जातभाईंचे इतके निर्दय चित्र काढणारी लेखिका मला आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण खरी गोष्ट त्यांच्या नायकाची आहे. ग्वार्नाच्चा हा काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलातला. पित्ती राजवाड्यातल्या छोट्या ठाण्याचा प्रमुख. पण अधिकारी नव्हे. आपल्याकडे जमादार असायचा तसा, शिपायांतून चढत आलेला माणूस. जाडजूड, बोलायला मंद, उन्हाने डोळ्यांना पाणी येते म्हणून सतत काळा चष्मा लावणारा. मुख्य म्हणजे तो सिसिलीतल्या सिराक्युजचा. बायको तेरेसा आणि दोन मुले सुरुवातीच्या कादंबऱ्यांत गावीच आहेत, कारण म्हातारी आई अंथरुणावर आहे. पहिल्या कादंबरीत नाताळ तोंडावर आलेला, याच्या अंगात ताप, आणि डोक्यात एकच विचार : गाडी पकडून घरी कधी जातो. मुंबईच्या गिरणीत राबणारा आणि शिमग्याची वाट पाहणारा माणूस ज्यांच्या घरात होता त्यांना हा माणूस वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इटलीत सिसिलियन असणे म्हणजे काय, हे कळल्याशिवाय या कादंबऱ्यांचे मर्म हाती लागत नाही. १८६१ साली इटली एक झाली असे पाठ्यपुस्तके सांगतात. दक्षिणेला ते एकीकरण बरेचसे लष्करी मोहिमेसारखे वाटले. १८६३ च्या पिका कायद्याने दक्षिणेतले बंड मोडायला लष्करी न्यायालये बसवली. मग विज्ञान मदतीला धावले. चेझारे लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने कॅलाब्रियातल्या एका ‘दरोडेखोरा’ची कवटी हातात घेऊन गुन्हेगार जन्मतःच असतो असा सिद्धान्त मांडला. त्याचे पुस्तक १८७६ चे. त्याच पठडीतल्या आल्फ्रेदो निचेफोरोने १८९७ मध्ये सार्डिनियातला एक अख्खा डोंगराळ मुलूखच ‘गुन्हेगार पट्टा’ ठरवून टाकला.

वाचकाच्या डोक्यात इथे घंटा वाजली असेल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा! एका बाजूला कवटी मोजणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला हजेरीची वही घेऊन बसलेला गोरा साहेब. आणि दोघांचा निष्कर्ष एकच, की गुन्हा रक्तात असतो. आपल्याकडे साहेबाला कवटी मोजायची फार गरज पडली नाही, कारण जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचे शास्त्र इथल्या धर्माने आधीच तयार ठेवले होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसे विमुक्त झाली, पण ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने वही पुन्हा उघडली. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ने (१९५९) त्या वहीला उत्तर दिले. सार्डिनियाच्या वतीने उत्तर दिले ते ग्रामशीने. तो स्वतः सार्डिनियाचा. दक्षिणेच्या प्रश्नावरचा त्याचा निबंध १९२६ चा, अटकेच्या सुमाराचा. त्यात त्याने लोंब्रोसो-निचेफोरोच्या शाळेला तर धरलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उत्तरेतल्या समाजवाद्यांनाही धरले. दक्षिणेचे लोक जन्मतःच आळशी आणि रानटी, हे विष कामगारांत पसरवायला तुमचेच पुढारी कारण झाले, असे त्याने सुनावले. वर्गाचे नाव घेऊन जात झाकणाऱ्या डाव्यांशी ज्यांचा सामना झाला आहे, त्यांनी हा निबंध अवश्य वाचावा.

दक्षिणेतल्या माणसाला उत्तरेत ‘तेर्रोने’ म्हणतात. म्हणजे मातीतला, ढेकळ्या. १९५०-६० च्या दशकांत दक्षिणेचे लोक लोंढ्याने ट्यूरिनच्या कारखान्यांत आले तेव्हा ‘दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही’ अशा पाट्या तिथे लागत. आमच्या शहरांत पाटी लागत नाही, एवढाच फरक. घरमालकीण आडनाव विचारते, मग पुतण्या यायचा आहे असे सांगते. पण इथे थांबले पाहिजे. तेर्रोने म्हणजे अस्पृश्य नव्हे. त्याला चर्चच्या बाहेर बसवत नाहीत, त्याच्या सावलीचा विटाळ होत नाही. ग्वार्नाच्चाची मुले फ्लॉरेन्सच्या शाळेत जातात, उद्या तिथल्याच मुलींशी लग्न करतील आणि त्यांच्या नातवंडांना आजोबांचा हेल आठवणारही नाही. जात अशी आगगाडीत बसून मागे पडत नाही. परदेशी साहित्य वाचताना दुःखाला दुःख जोडून मोकळे होण्याची घाई आपल्याकडे फार होते. समानता पाहावी, पण माप चुकवू नये.

नॅबबाईंचे खरे बळ कुठे आहे? ते रहस्यात नाही. खुनी कोण हे चाणाक्ष वाचक पुष्कळदा अर्ध्यावरच ओळखतो. बळ आहे ते ऐकण्यात. ग्वार्नाच्चा हुशार नाही, निदान त्याला स्वतःला तसे मुळीच वाटत नाही. तो शेरलॉक होम्ससारखा चिखलाच्या डागावरून माणसाचा धंदा सांगत नाही. तो लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो आणि ऐकतो. ‘डेथ ऑफ अ डचमन’ (१९८२) मध्ये सिन्योरा जुस्ती नावाची एक्क्याण्णव वर्षांची म्हातारी आहे. ती पोलिसांना ऊठसूट बोलावते, कोणाची ना कोणाची तक्रार करते. खरे म्हणजे तिला बोलायला माणूस हवा असतो. सगळे तिला कंटाळलेले आहेत. पण खून होतो तेव्हा भिंतीपलीकडचे तिने ऐकलेले असते. ‘द मार्शल अँड द मॅडवूमन’ (१९८८) मध्ये सान फ्रेदियानोच्या गरीब वस्तीतली क्लेमेंतिना मरते. वस्तीने तिला वेडी ठरवलेले. आणि वेडीच्या मरणाची चौकशी कोण करतो? इटलीत १९७८ च्या कायद्याने वेड्यांची इस्पितळे बंद करायला सुरुवात झाली, ती चांगल्या हेतूने. पण बाहेर आलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे ही कादंबरी एका बाईच्या निमित्ताने दाखवते. तिच्या वेडाचा धागा ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरापर्यंत जातो. जगाने त्या पुरात बुडालेल्या चित्रांसाठी आणि पोथ्यांसाठी अश्रू ढाळले. नॅबबाई विचारतात, माणसांचे काय? चौदांतली ही कादंबरी मला सर्वश्रेष्ठ वाटते.

‘द मार्शल्स ओन केस’ (१९९०) मध्ये मारली जाते ती देहविक्रय करणारी तृतीयपंथी व्यक्ती. मार्शल सनातनी संसारी माणूस. त्याला आधी त्या जगाची किळस येते, ती लपवली जात नाही. पण माणसे बोलू लागतात तशी त्याची किळस गळत जाते. त्याला कोणी उपदेश केलेला नसतो. हे बाईंना जमते.

आणि ‘सम बिटर टेस्ट’मध्ये हेच ऐकणे कमी पडते. सारा हर्श नावाची एकटी राहणारी ज्यू बाई ठाण्यात येते आणि सांगते, माझ्या घरात मी नसताना कोणीतरी येते. मार्शल तिचे म्हणणे ऐकतो, येतो म्हणतो, पण कामाच्या रगाड्यात त्याचे जाणे लांबते. ती मरते. पुढची सगळी कादंबरी त्या लांबलेल्या भेटीच्या ओझ्याखाली चालते.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. बांधावरून मारहाण झाली तेव्हा ते फिर्याद द्यायला ठाण्यात गेले होते. मी सातवीत होते, बरोबर होते. ठाणे अंमलदाराने आम्हांला बाहेरच्या बाकाशेजारी खाली बसवून ठेवले. दुपार टळल्यावर आत बोलावले. वडील सांगत होते, तो मान हलवत होता. लेखणी मात्र हलत नव्हती. वडिलांना सही करण्यापुरतेच लिहिता येई, पण लिहिलेल्याची ताकद त्यांना चांगली ठाऊक होती. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, “साहेब, तेवढं लिहून घ्या.” शेवटी त्याने एन.सी. नोंदवली. अदखलपात्र. दखल घेण्याच्या लायकीची नाही अशी गोष्ट. हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर नीट समजले.

म्हणून या कादंबऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा : ऐकले ते ठीक, पण लिहिले काय? ‘द मार्शल मेक्स हिज रिपोर्ट’ (१९९१) ही कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. उल्देरिगी या खानदानी सरदार घराण्याच्या वाड्यात एक मृत्यू होतो. घराण्याची इच्छा अशी की तो अपघात म्हणून लिहिला जावा. वरूनही तसाच इशारा येतो. मार्शलने करायचे एवढेच की अहवाल लिहायचा. वाड्याच्या जिन्यावर, टोपी हातात धरून उभा असलेला तो जाड माणूस नॅबबाईंनी फार चांगला उभा केला आहे. गणवेश अंगावर आहे, पण वाड्याने पाहिला आहे तो तेर्रोनेच. माणूस कोण आहे हे सत्ता नेमकी ओळखते.

‘द मॉन्स्टर ऑफ फ्लॉरेन्स’ (१९९६) तर सरळ राज्यसंस्थेच्या अंगावर जाते. १९६८ ते १९८५ या काळात फ्लॉरेन्सच्या परिसरात आठ जोडप्यांचे खून झाले. पोलीस वर्षानुवर्षे चाचपडले, मध्यंतरी सार्डिनियातून आलेल्या माणसांवर संशयाची सुई फिरली. निचेफोरोचे भूत असे मरत नाही! अखेर पिएत्रो पाच्चानी नावाच्या शेतकऱ्याला १९९४ मध्ये शिक्षा झाली आणि १९९६ मध्ये अपिलात तो सुटला. हा मनुष्य संत नव्हता. त्याने १९५१ मध्ये एक खून केला होता आणि पोटच्या मुलींवर अत्याचार केल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता. नॅबबाईंची कादंबरी या खटल्याच्या आधाराने लिहिलेली आहे आणि तिचा रोख असा की वाईट माणूस हाताशी असला म्हणजे तपास संपतो. हे फार धैर्याचे विधान आहे. निरपराध गरिबाची बाजू घेणे सोपे असते. ज्याची कोणालाच दया येणार नाही अशा गरिबाच्या बाबतीत कायद्याने नीट वागावे असे म्हणणे अवघड असते.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो लहान नाही. चौदा कादंबऱ्यांत दुबळी माणसे आहेत, पण ती एकटीदुकटी आहेत. म्हातारी, वेडी, ज्यू बाई, अल्बानियातून आणलेली मुलगी. प्रत्येकीला मार्शल भेटतो म्हणून तिचे दुःख कळते. मार्शल भेटला नसता तर? नॅबबाई फ्लॉरेन्सला आल्या तो काळ इटलीत कामगारांच्या संपांचा, स्त्रियांच्या मोर्च्यांचा होता. १९७८ मध्ये आल्दो मोरोंचे अपहरण आणि खून झाला, देश हादरला. यातले जवळजवळ काहीच मार्शलच्या दाराशी येत नाही. गरीब माणसे एकत्र येऊन काही मागताहेत असे चित्र त्या काढत नाहीत. गरिबाने दुःखी असावे आणि कनवाळू जमादाराने ते ओळखावे, एवढाच हा करार आहे. बाबासाहेबांनी आम्हांला दया मागायला शिकवले नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले; तेव्हा कायदा बदलला तो एखाद्या चांगल्या फौजदारामुळे नव्हे, रस्त्यावर उतरलेल्या बायांमुळे.

सार्डिनियन मेंढपाळांच्या बाबतीतही बाईंचा पाय अडखळतो. तस्कनीतली बटाईची शेती मोडली, कुळे शहराकडे गेली, ओस पडलेल्या डोंगरांवर सार्डिनियाचे मेंढपाळ आले. अपहरणाच्या टोळ्यांत त्यांतले काही होते हे खरे. ‘डेथ इन स्प्रिंगटाइम’ (१९८३) आणि ‘प्रॉपर्टी ऑफ ब्लड’ (१९९९) या दोन्ही कादंबऱ्या त्यावर आहेत. पहिलीत त्या मेंढपाळाचे दारिद्र्य दाखवतात, धोका त्याने पत्करायचा आणि मलई दुसऱ्याने खायची हेही दाखवतात. पण मेंढपाळ स्वतः बोलत नाही. दुसरीत ओलीस धरलेली श्रीमंत बाई प्रथमपुरुषात बोलते, आणि उत्तम बोलते. तिच्या कानात कोंबलेल्या बोळ्यांपर्यंत सगळे आम्ही अनुभवतो. तंबूबाहेर बसलेल्याला मात्र एवढे लांब निवेदन मिळत नाही. फकिराला लेखणी मिळाली होती, इथे ती मिळत नाही.

या जागी लिओनार्दो शाशा आठवतो. सिसिलीच्या या लेखकाने ‘द डे ऑफ द आउल’ (१९६१) मध्ये पार्माचा, म्हणजे उत्तरेचा, कॅप्टन बेलोदी सिसिलीत पाठवला. तो प्रामाणिक, लोकशाहीवादी. आणि माफिया व राजकारणी मिळून त्याला हरवतात. नॅबबाईंनी उलट केले, दक्षिणेचा माणूस उत्तरेत आणला. शाशा व्यवस्थेचे नाव घेतो म्हणून त्याचा शेवट कडू आहे. नॅबबाईंचा शेवट बहुधा उदास असतो, कडू क्वचितच. मायकेल डिब्डिन हा दुसरा इंग्रज, पेरुजात काही वर्षे शिकवून गेलेला; त्याचा व्हेनिसचा ऑरेलिओ झेन ‘रॅटकिंग’ (१९८८) मध्ये व्यवस्थेची सडकी बाजू अधिक धारदारपणे दाखवतो. पण झेनला म्हाताऱ्या बायांच्या स्वयंपाकघरात बसायला वेळ नाही.

शेवटी ‘द इनोसंट’ (२००५) विषयी लिहिलेच पाहिजे, कारण ती आमच्या वर्मावर बोट ठेवते. पित्ती राजवाड्यामागच्या बोबोली बागेतल्या तळ्यात एका तरुण जपानी मुलीचे प्रेत सापडते. अकिको तिचे नाव. ती फ्लॉरेन्सला चित्रे पाहायला आलेली नव्हती. ती जोडे शिवायला शिकायला आली होती, पेरुझी नावाच्या चिडखोर म्हाताऱ्या चर्मकाराकडे. अर्धी पृथ्वी ओलांडून एक मुलगी चामड्याचे काम शिकायला येते, आणि म्हातारा तिला आपली कला देतो. मुलगी, परदेशी, परजातीची. नॅबबाई स्वतः मातीकाम केलेल्या, म्हणून आरी, साचा, चामड्याचा वास हे सगळे त्या आदराने लिहितात. तिथे पेरुझी उस्ताद आहे.

माझ्या वर्गात चर्मकार घरातली मुले असतात. वडिलांच्या कामाच्या रकान्यात ती नुसते ‘धंदा’ लिहितात. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल व्यासपीठावर आणली आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. वर्तमानपत्रांतून ‘महाराष्ट्राचा वारसा’ म्हणून लेखांचा पाऊस पडला. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते, तेही सगळ्यांना आठवले. त्या लेखांत चप्पल मराठी होती, कोल्हापुरी होती, भारतीय होती. ती ज्यांच्या हाताची, त्यांची जात किती लेखांत आली ते ज्याने त्याने जुनी कात्रणे काढून पाहावे. वारसा सगळ्यांचा आणि विटाळ मात्र एकाचा, हा हिशेब पेरुझीच्या दुकानात मांडावा लागत नाही. ‘द इनोसंट’ मी पुढच्या वर्षी एम.ए.च्या मुलांना वाचायला देणार आहे. अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून, शनिवारी दुपारी. चर्चेला दोन मुलांची नावे आत्ताच आली आहेत. त्यांतल्या एकाच्या वडिलांचे बसस्थानकासमोर दुकान आहे.